दिवस बुडायच्या आत

आमच्या सांगलीच्या घरी दिवे लागले की स्वयंपाकघराला कडी. लहानपणी खेळून उशीर झाला तर उपाशी झोपायचं, रडून काही मिळायचं नाही. सासरीही तेच. त्यामुळे मुलाकडे तारनाक्याला राहायला आले आणि सून रात्री आठला ताट घेऊन बसलेली पाहिली, तेव्हा मनात चरचरलं. बोलले काहीच नाही. ताट मात्र जरा आवाज करून ठेवायची.

मागच्या डिसेंबरात माधापूरला डोळे दाखवायचे होते. सून म्हणाली, "आई, माझं ऑफिस तिथून जवळच आहे. येताना बरोबर येऊ."

इथली मेट्रो २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. सगळी खांबांवरून जाते, जमिनीखाली कुठेच नाही. माझी धाकटी बहीण मुंबईत असते. तिथली आरे ते कफ परेड ही भुयारी लाइन २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण झाली. ती म्हणते, "एकदा खाली उतरलं की दिवस की रात्र काही कळत नाही गं, घड्याळ बघायचं आणि डबा उघडायचा की नाही ते ठरवायचं." आमच्या तारनाक्याला तसं नाही. सरकत्या जिन्यानं वर गेलं की विद्यापीठाच्या बाजूची झाडी, गच्च्यांवरचे कपडे, सगळं दिसतं. त्या जिन्यावर पाय ठेवताना मी पदर घट्ट धरला होता, हे सुनेनं पाहिलं, पण हसली नाही.

डोळे लवकर दाखवून झाले, मी तिच्या ऑफिसच्या खाली जाऊन बसले. पाचला यायची ती साडेपाचला धावत आली. "शेवटच्या क्षणी मीटिंग लागली." रायदुर्गला गाडीत बसलो. पुढे तारनाक्यापर्यंत सतरा स्टेशनं, पाऊण तास. दुर्गम चेरुवू गेलं, पेद्दम्मा गुडी गेलं. युसुफगुड्याच्या आसपास मागच्या काचेत ऊन लाल झालं, आणि अमीरपेटला गर्दी आत घुसली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. दार कुठल्या बाजूला उघडणार ते तेलुगूत सांगत होते. कुडि म्हणजे उजवं, एडम म्हणजे डावं, एवढं मला आता येतं.

गर्दीत तिची पिशवी माझ्या मांडीवर होती. जड लागली म्हणून चाचपली, तर आत डबा. दुपारचा रिकामा होता, हा दुसरा, भरलेला. दोन चपात्या आणि कोरडी भाजी.

"हा कशाला गं?"

"साडेचारला खाऊन घ्यावं म्हणून रोज आणते. जमतं कधी कधी. आज नाही जमलं. गाडीत तर खायला मनाईच आहे." मग जरा थांबून म्हणाली, "दशलक्षणात तेवढं पाळते मी. नाही जमलं तर तशीच झोपते."

दशलक्षणातल्या त्या दहा रात्री मी याच घरात होते. ती "भूक नाही" म्हणायची, आणि मी मनात म्हणायची, बाहेर काहीतरी खाऊन आली असेल. हे तिला सांगायचं धाडस बेगमपेटपासून घरी पोचेपर्यंत मला झालं नाही. अजूनही झालेलं नाही. आता लिहिते आहे, तर वाचेल.

त्या दिवशी माझंही जेवण राहिलं होतं. पाणीसुद्धा घेतलं नाही, त्याचं काही वाटलं नाही, सवय आहे. तिला मात्र वाढलं. दोघी काही बोललो नाही.

आता सकाळचे दोन्ही डबे मी भरते. दुसऱ्यात मेथीचे ठेपले, कधी शेंगदाण्याची पोळी, एका हातानं खाता येईल असं. चार वाजता तिला फोन करते, ती कधी उचलते, कधी कापते. डबा कधी रिकामा येतो, कधी भरलेला. भरलेला आला की उघडून तव्यावर गरम करते आणि तिच्यासमोर ठेवते, आवाज न करता.