परक्याचा प्लग

आपले वय झाले, ही वार्ता माणसास प्रथम कोणता अवयव देतो, हे ज्याने त्याने आपल्यापुरते पडताळून पाहावे. आम्हांस ती आमच्या डाव्या गुडघ्याने दिली. अठ्ठेचाळिसावे वर्ष लागले त्या पावसाळ्यात, हैदराबादेतील काचीगुडा चौरस्त्यानजीकच्या एका बोळात, वडिलांची जुनी येझदी चालू करण्यासाठी आम्ही किक मारली आणि गाडीऐवजी आमच्याच मुखातून आवाज निघाला. समोर उभे असलेले उस्ताद हसले नाहीत. त्यांनी एका पोरास नुसती खूण केली. पोराने पुढे येऊन एका दमात गाडी चालू केली व अदबीने आमच्या हाती दिली. त्या अदबीने आम्ही जितके खजील झालो, तितके तो हसता तर झालो नसतो.

धर्मगुरूने मोटारसायकलीविषयी लिहावे, ह्याचे कोणा वाचकास नवल वाटेल. परंतु ज्या धर्मग्रामाच्या वाड्यावस्त्या पंधरा-वीस मैलांच्या टापूत पसरलेल्या आहेत, तेथील लोक ते मानणार नाहीत. रात्री-अपरात्री आजाऱ्याचे बोलावणे येते तेव्हा दारात उभी असलेली फटफटी ही चैन नसते. जर्मनीतील फादर पाउल शुल्ट ह्यांचा एक मिशनरी मित्र आफ्रिकेत आजारी पडला आणि वाहनाअभावी वेळेवर उपचार न मिळाल्याने निवर्तला. त्या दुःखातून फादरांनी १९२७ साली ‘मिवा’ ही संस्था काढली. मिशनऱ्यांना मोटारी, मोटारसायकली, नावा, इतकेच काय विमानेही मिळवून देणे, हे तिचे कार्य. तथापि आमची आवड केवळ कर्तव्यापोटी निर्माण झाली, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ती आमच्या रक्तातच होती, आणि तिचा उगम काचीगुड्यात आहे.

काचीगुड्याचे रेल्वे स्टेशन निजामाच्या राजवटीत १९१६ साली उभे राहिले. त्याचे पांढरे घुमट व मिनार पाहून परका माणूस त्यास राजवाडा समजतो. येथून मनमाडकडे जाणारी मीटरगेज गाडी मराठवाड्यातून जात असे, आणि तिच्या आधाराने परभणी, जालना, औरंगाबादकडची कित्येक मराठी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी ह्या भागात येऊन राहिली. आमचे वडील त्यांपैकीच एक. ते स्टेशनातील पार्सल कचेरीत होते. १९८२ साली पैपैसा साठवून त्यांनी येझदी रोडकिंग घेतली. आम्ही तेव्हा लहान होतो. टाकीवर बसून वडिलांच्या दोन्ही हातांच्या मध्ये आम्ही स्टेशनापासून बरकतपुऱ्यापर्यंत जात असू. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे धडे घेताना सुखाच्या व्याख्या पुष्कळ ऐकल्या. परंतु त्या टाकीची ऊब त्यांपैकी एकाही व्याख्येत आम्हांस सापडली नाही.

ह्या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. जावा हा मूळ कारखाना प्राग शहरी १९२९ साली निघाला. म्हैसूर येथे १९६१ साली त्याची भारतीय शाखा चालू झाली. परदेशी कारखान्याशी असलेला करार संपल्यावर १९७३ पासून त्याच घडणीच्या गाड्यांच्या टाकीवर ‘येझदी’ हे नाव आले. सिलिंडर एक, परंतु धूर सोडण्यास दोन नळ्या; आणि किक व गिअर ह्यांना मिळून एकच दांडी. ती आत दाबून फिरवली की किक होते, आणि गाडी चालू झाल्यावर पुढे टाकली की तीच गिअर होते. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी हे नाव २०२२ साली पुन्हा बाजारात आले खरे, परंतु त्या गाड्या निराळ्या आहेत. जुन्या गाड्यांना मूळ कारखान्याचा आधार तुटला तो तुटलाच.

आमच्या मते खरी गोष्ट येथूनच सुरू होते. जोपर्यंत कारखाना चालू होता, तोपर्यंत येझदीवाल्यास दुसऱ्या येझदीवाल्याची गरज नव्हती. पैसे टाकून दुकानातून सुटा भाग आणता येत होता. कारखाना बंद पडल्यावर राणीगंजच्या दुकानांत शोधाशोध, जुमेरात बाजारात भंगाराच्या ढिगांत उकराउकर, आणि कोठेच न मिळाल्यास ‘तुमच्याकडे आहे काय?’ अशी विचारपूस सुरू झाली. ह्या विचारपुशीतूनच उस्तादांच्या बोळात एक मंडळ जमले. त्याला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्षही नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक मराठी काका येतात, तेलुगू शाळेतील एक मास्तर येतात, नारायणगुड्याकडचा एक शिंपी येतो, आणि कॉलेजात शिकणारी दोन-तीन पोरे येतात. समोरच्या इराणी हॉटेलातून चहा येतो. एकाचे कार्ब्युरेटर उघडले की चौघे वाकून पाहतात. एरवी हे लोक एका बाकावर बसले नसते. येथे त्यांची ओळख गाडीवरून आहे. काकांचे आडनाव आम्हांस कळण्यापूर्वी त्यांच्या गाडीची चेन कोठे घासते, हे आम्हांस ठाऊक होते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा-येझदीवाल्यांचा दिवस साजरा होतो, त्या दिवशी ही मंडळी सकाळीच एकत्र निघतात. रविवारची सकाळ आमची नसते, म्हणून सुटीवर असलो तर आम्ही शनिवारी संध्याकाळी जाऊन त्यांच्या गाड्या पुसू लागतो.

मोटारसायकलवाल्यांचे असे एकत्र येणे सर्वत्र आढळते. इटलीत कास्तेल्लाझ्झो बोर्मिदा ह्या गावी पवित्र मरियेचे एक मंदिर आहे. १९४७ साली पोप बारावे पायस ह्यांनी तेथील मातेस मोटारसायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. दर जुलै महिन्यात देशोदेशींचे स्वार तेथे जमतात. रस्त्यावर उघड्या अंगाने फिरणाऱ्या माणसास आपण किती सहज मोडू शकतो ह्याची जाणीव असते. म्हणून तो सोबत शोधतो, असे आम्हांस वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगणे भाग आहे.

येझदी, राजदूत, लुना ह्या जुन्या गाड्या आपल्या वाचकांपैकी कित्येकांनी चालवल्या असतील. त्यांत पेट्रोलबरोबरच तेल मिसळून जाळावे लागते. तेल पुरते जळत नाही. त्याची काजळी प्लगाच्या टोकावर धरते, ठिणगी पडेनाशी होते आणि धावती गाडी काही सूचना न देता गप्प होते. दोष मोठा नसतो. प्लग काढून पॉलिश कागदाने घासावा, तेवढ्याने न भागल्यास नवा बसवावा. पाच मिनिटांचे काम. परंतु खिशात प्लग नसेल तर तीच पाच मिनिटे सबंध रात्र होऊ शकतात.

२००९ साली वडील निवर्तले आणि गाडी आमच्याकडे आली. सुटी संपली की कधी कधी आम्ही तिच्यावरूनच संगारेड्डी-देगलूरच्या रस्त्याने नांदेडकडील आमच्या धर्मग्रामात परतत असू. २०११ च्या डिसेंबरात, नाताळास आठवडा उरला असताना, असेच निघालो होतो. पिटलम मागे पडले होते आणि दिवस मावळत आला होता. रस्त्याच्या कडेला एक इसम राजदूत घेऊन उभा होता. शेजारी बाई होती, आणि तिच्या कडेवर शालीत गुंडाळलेले मूल. त्याच्या हातात प्लगाचा पाना होता. त्याने हात केला. आम्ही वेग कमी केला. हा प्लगाचाच बिघाड असणार, हे आम्ही पाहताक्षणी ओळखले. आमच्या पेटीत एक जादा प्लग होता. तो त्याच्या गाडीस बसला असता की नाही, हे पाहण्यास क्षणभर लागला असता. परंतु त्याच क्षणी मनात आले, प्लग एकच आहे. पुढे अंधार आहे. आपली गाडी बंद पडली तर? शिवाय गायनमंडळ सरावासाठी खोळंबले असेल. मागून कोणी ना कोणी येईलच. आम्ही हाताने ‘मागून येत आहेत’ अशी काहीतरी खूण केली आणि निघून गेलो.

मागून कोणी येत आहे, हे आम्हांस मुळीच ठाऊक नव्हते.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेचा दाखला आम्ही कित्येक वेळा प्रवचनपीठावरून समजावून सांगितला आहे, आणि त्यातील याजकाविषयी आम्ही फार कठोर बोलत असू. त्या नाताळानंतर तो दाखला आला की आमचा आवाज आपोआप खाली येऊ लागला. लोकांस वाटले, फादरांचा घसा बसला आहे.

पुढच्या उन्हाळ्यात काचीगुड्यास गेलो. बँकवाल्या काकांनी आपली हत्यारांची पेटी उघडली तेव्हा तीत फडक्यात गुंडाळलेले दोन प्लग दिसले. शिंप्याच्या पेटीतही दोनच. आम्ही सहज विचारले, “काका, दोन दोन कशाला?”

काका म्हणाले, “एक आपला, एक परक्याचा. उस्तादांचा नियम आहे. परक्याचा प्लग आपल्या गाडीला लावायचा नाही, मग आपली गाडी ढकलत न्यावी लागली तरी चालेल.”

आम्ही गप्प झालो. संध्याकाळी मंडळी पांगल्यावर आम्ही उस्तादांपाशी बसून पिटलमची हकीकत सांगितली. इतरांची पापे ऐकणे हे आमचे नित्याचे काम. परंतु त्या दिवशी तेलाने माखलेल्या बाकावर बसून आम्ही बोलत होतो आणि ते हात पुसत ऐकत होते. ‘होऊ द्या, चालायचेच’ असे ते म्हणतील, अशी आम्हांस आशा होती. ते तसे म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “फादरसाब, चलती गाडीपरसे खडा आदमी छोटाच दिखता.” आणि दुकानाच्या फळीवरून एक नवा प्लग काढून त्यांनी आमच्या हातावर ठेवला. पैसे देऊ केले तर म्हणाले, “ये आपका नइं है.”

त्या वाक्याचा अर्थ आम्ही पुढे पुष्कळ दिवस घोळवला. आपल्या गरजा पुऱ्या झाल्यावर उरलेल्यातून दान करावे, असे आपण मानतो. उरत मात्र काहीच नाही. कारण अंधार नेहमीच पुढे असतो आणि आपली गाडी केव्हाही बंद पडू शकते. उस्तादांनी हा हिशेबच उलटा केला होता. परक्याचा वाटा आधीच फडक्यात बांधून निराळा ठेवायचा. मग हात करणारा माणूस दिसला की आपल्यातून काही काढून द्यावे लागत नाही, त्याचेच त्यास परत करावे लागते. २०१२ नंतर आमच्या पेटीतून असे प्लग चार वेळा गेले. पिटलमच्या त्या माणसाचे काय झाले, ते मूल त्या थंडीत कोठे निजले, हे मात्र त्यामुळे आम्हांस कळले नाही, आणि ते ऋण फिटले असेही आम्ही समजत नाही.

अलीकडच्या नव्या गाड्यांस हा त्रास नाही. बटण दाबले की चालू होतात, आणि त्यांचा प्लग महिनोन्महिने पाहावा लागत नाही. ही सोय वाईट आहे असे म्हणणारे आम्ही नव्हे. आजाऱ्याकडे जाताना धर्मग्रामात आम्हीही आता तशीच गाडी वापरतो. परंतु आपली गाडी कधी बंदच पडली नाही, तर रस्त्याकडेला उभे राहणे म्हणजे काय, हे माणसाने शिकावे कोठे, असा प्रश्न आम्हांस पडतो. उस्तादांच्या बोळातील माणसे मुळात इतरांहून अधिक भली होती असे नाही. ती सर्वजण कधी ना कधी कडेला उभी राहिली होती, एवढेच.

असो. गुडघ्याचा निकाल लागला होता. डॉक्टरांनी किक मारण्यास मनाई केली, आणि दर वेळी पोरास खूण करणे आमच्या मानी स्वभावास जमेना. अखेर गेल्या वर्षी आम्ही येझदी भाच्याच्या स्वाधीन केली. तो काचीगुड्यातच राहतो, एकवीस वर्षांचा आहे आणि गाडी आमच्याहून जोरात हाकतो. किल्ली देताना हात थोडा रेंगाळला, हे कबूल करतो. त्याने पेटी उघडून सामान मोजून घेतले.

“मामा, प्लग दोन का?”

आम्ही त्यास नियम सांगितला. पिटलमची हकीकतही सांगितली. ती सांगावी की नाही, ह्याचा आम्ही आदल्या रात्री बराच विचार केला होता. कारण भाच्याच्या दृष्टीने मामा म्हणजे पाय धरावेत असा माणूस. त्याने ऐकून घेतले, काही बोलला नाही, आणि एका किकेत गाडी चालू करून निघून गेला. त्याच्या मागे निळसर धूर बोळभर राहिला.

ह्या उन्हाळ्यात आम्ही रेल्वेने काचीगुड्यास गेलो. गाडी अंगणात उभी होती. राहवले नाही म्हणून पेटी उघडून पाहिली. फडक्यात एकच प्लग होता. दुसरा त्याने कोणास दिला असेल, किंवा स्वतःच्याच गाडीस लावला असेल. वय एकवीस आहे आणि रस्त्यात अंधार पडतोच. आम्ही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी राणीगंजला जाऊन एक नवा प्लग आणला, फडक्यात बांधला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवून दिला.