गुरगुट्या भात, व्हाया इटली

साडेआठशे रुपये! आणि त्यात मोजून चौदा घास. मुंबईत एका मैत्रिणीच्या प्रमोशनच्या पार्टीत मी आयुष्यातला पहिला रिसोटो खाल्ला, तेव्हा सगळे डोळे मिटून ‘वॉव’ करत होते आणि मला आठवत होती आजी. लहानपणी ताप उतरला की ती पितळेच्या पातेल्यात करायची तो गुरगुट्या भात. तोच मऊपणा, तोच ओला चकाकणारा तांदूळ, फक्त तुपाऐवजी बटर आणि मेतकुटाऐवजी चीज. टेबलावर हे बोलून दाखवलं तर सगळे हसले. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. रिसोटो म्हणजे काय रॉकेट सायन्स आहे का? आणि माझं गाव नाशिक! तांदूळ, भाजी, वाइन सगळं तासाभराच्या अंतरावर. बॉस, हा पदार्थ जर भारतात कुठे आपल्या मालकीचा असेल, तर तो नाशिकमध्येच.

म्हणून डिसेंबरातल्या एका वीकेंडला पंचवटी एक्स्प्रेस पकडली. आणखीही एक कारण होतं. आजी दिवाळीत घरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिने खाण्यावर रुसवा धरला होता. ‘चवच लागत नाही गं’ म्हणून दोन चमच्यांवर ताट बाजूला. आई फोनवर रोज तेच सांगायची. मी रिसोटो करून काय दिवे लावणार होते कोण जाणे, पण निदान भात तरी मऊ असणार होता.

शनिवारी सकाळी आठ वाजता भावाची बाइक घेऊन घोटी गाठलं. नाशिकपासून साधारण पस्तीस किलोमीटर. या एवढ्याशा अंतरात जी गंमत होते ती बघण्यासारखी असते. नाशिक शहरात वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस, आणि इगतपुरीत तो तीन हजारांच्या वर. त्यामुळे एका बाजूला द्राक्षं आणि दुसऱ्या बाजूला भात, एकाच जिल्ह्यात. इटलीतही थोडंफार असंच आहे. उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात पंधराव्या शतकापासून भाताची खाचरं, आणि शेजारच्या टेकड्यांवर द्राक्षांचे मळे. तिथे बायका गुडघाभर पाण्यात वाकून भाताची लावणी-निंदणी करायच्या, त्यांना ‘मोंदिने’ म्हणत. ‘रिझो आमारो’ नावाचा १९४९ सालचा गाजलेला इटालियन सिनेमा त्यांच्यावरच आहे. आमच्याकडे जुलैत इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला गेलात तर अंगावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन आवणी करणाऱ्या बायका दिसतील. कंबर त्याच कोनात वाकलेली.

डिसेंबरात मात्र खाचरं कोरडी. समोर कळसूबाई धुक्यात अर्धी बुडालेली, शेतात भाताचे खुंट आणि रस्त्याच्या कडेला फार्महाऊस प्लॉटचे बोर्ड. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, मुंबई जवळ आली. बोर्डांची संख्याही त्यानंतर वाढल्यासारखी वाटते. एका बोर्डवर तर ‘राइस फील्ड व्ह्यू’ असं लिहिलं होतं. सगळ्यांनी प्लॉट घेतले की व्ह्यू कुठला दाखवणार, हा प्रश्न मी स्वतःशीच ठेवला.

घोटी म्हणजे तांदळाच्या गिरण्यांचं गाव. बाजारात शिरलात की कोंड्याचा गोडसर वास येतो. इथला हुकमी एक्का म्हणजे इंद्रायणी. बरेच जण इंद्रायणीला पारंपरिक वाण समजतात, पण तो पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. म्हणजे आंबेमोहोराचा वास आणि जास्त उतारा असं डबल पॅकेज. शिजला की चिकट, मऊ, सुवासिक. बिर्याणीला बाद, पण आपल्या कामाला परफेक्ट.

‘जुना घ्या ताई. नवा चिकट होतो, पाहुण्यांपुढं लाज जाईल,’ दुकानदार काकांनी सल्ला दिला.

‘मला चिकटच पाहिजे काका.’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वयंपाक येत नाही हे त्यांना कळून चुकलं असावं. मग विचारलं, ‘आजारी आहे का कोणी घरात?’ मी हो म्हटलं. त्यांनी मागच्या पोत्यातून महिन्याभरापूर्वी झोडलेला तांदूळ काढला, मुठीत घेऊन हुंगला आणि म्हणाले, ‘मग हाच. पेजेला याच्यासारखा नाही.’

इथे जरा थिअरी. (कंटाळा आला तर पुढे उडी मारा, पण मारू नका.) तांदळातल्या पिठूळ भागात मुख्यतः दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर शितं सुटी, बासमतीसारखी. अमायलोपेक्टिन जास्त असेल तर तांदूळ चिकट. रिसोटोला लागणारे आर्बोरियो आणि कार्नारोली हे आखूड, जाडसर तांदूळ दुसऱ्या गटातले. हलवताना शितं एकमेकांवर घासतात, वरचा पिठूळपणा रसात उतरतो आणि क्रीमचा थेंब न घालता पदार्थ क्रीमी होतो. ज्या रेसिपीत ‘फ्रेश क्रीम एक कप’ लिहिलेलं असतं, ती सरळ बंद करा. आर्बोरियोच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका असतो, तो शेवटपर्यंत दाताखाली लागतो. इंद्रायणीचा दाणा त्या मानाने सडपातळ, त्यामुळे तो लाड सहन करत नाही. जास्त हलवलात तर मोडतो. हे मी मुंबईत पहिल्या प्रयत्नात शिकले होते. आपल्या सवयीने तांदूळ तीन पाण्यांनी धुतला, वर पंचवीस मिनिटं घोटत बसले, आणि जे तयार झालं त्याने पतंग चिकटवता आले असते. शुद्ध खळ!

परतताना शरणपूर रोड. बेकन आमच्या नाशिकमध्ये कुठे मिळतं, हा कॉलेजात असताना आम्हाला पडलेला मोठाच प्रश्न होता, आणि उत्तर या रस्त्यावरच्या एका छोट्या कोल्ड स्टोरेजमध्ये सापडलं होतं. आज इथे बुटीक आणि कॉफी शॉप्स आहेत, पण शरणपूर ही मिशनऱ्यांनी १८५४ मध्ये वसवलेली ख्रिस्ती वसाहत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे राहिली, शिकली. त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणायचे. डेव्हिड लिव्हिंगस्टनचा १८७३ मध्ये आफ्रिकेत मृत्यू झाला, तेव्हा त्याचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या अंत्यविधीतही तो हजर होता. रोज या रस्त्यावरून टू-व्हीलर काढणाऱ्या किती नाशिककरांना हे माहीत असेल? मलाही कॉलेज संपेपर्यंत नव्हतं.

बेकनचं पाकीट बॅगेत टाकलं आणि गंगापूर रोडला भाजी घेतली. डिसेंबरात नाशिकची भाजी बघूनच पोट भरतं. शेंगा फुगून टम्म झालेले मटार, पातीचा कांदा, कोवळी गाजरं, आणि आता झुकिनीसुद्धा कोथिंबिरीच्या शेजारी मांडी घालून बसते. व्हेनिसमध्ये ‘रिझी ए बिझी’ नावाचा प्रकार करतात, म्हणजे तांदूळ आणि मटार, सोबत पँचेट्टा हा बेकनचा चुलतभाऊ. २५ एप्रिलला, सेंट मार्कच्या दिवशी, तो तिथल्या राजप्रमुखाला वाढायची प्रथा होती. रिसोटोपेक्षा थोडा पातळ. त्यातली युक्ती मला फार आवडली: मटार सोलल्यावर शेंगांची सालं फेकायची नाहीत, त्यांचाच स्टॉक करायचा.

राहिली वाइन. त्यासाठी गंगापूर धरणाच्या दिशेने. राजीव सामंत यांनी अमेरिकेतली ओरॅकलमधली नोकरी सोडून इथे द्राक्षं लावली आणि आईच्या, म्हणजे सुलभा यांच्या नावावरून सुला सुरू केली. पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि मग वायनरींची रांगच लागली. वीकेंडला इथे सेल्फीवाल्यांची एवढी गर्दी असते की द्राक्षं दिसत नाहीत. माझा सल्ला: पाण्याकडे तोंड करून दहा मिनिटं उभे राहा, एक बाटली घ्या आणि निघा. आणि हो, स्वयंपाकाला चेनिन ब्लांक नको. आपल्याकडची चेनिन बहुतेक वेळा गोडसर असते, भात शिऱ्याकडे झुकतो. ड्राय सॉव्हिन्यों ब्लांक घ्या. लागते अर्धी वाटीच, उरलेल्या बाटलीचं काय करायचं हे मी सांगायला नको.

घरी आले तर खरी परीक्षा. आईच्या स्वयंपाकघरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही. ते गॅलरीत, इंडक्शनवर, भावाच्या स्वतंत्र तव्यात. ‘ते तुझं काय आहे ते गॅलरीतच,’ आईने फर्मान काढलं. आजी कॉटवर टेकून मटार सोलायला मागत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने काही मागितलं होतं, म्हणून आईने बाकी काही न बोलता सूप तिच्या मांडीवर ठेवलं.

मग दोन पातेल्यांची मोहीम. आत आजीचा आणि आईचा, बाहेर माझा आणि भावाचा. शेंगांची सालं, गाजराची टोकं, कांद्याची पात आणि चार मिरी दाणे घालून अर्धा तास उकळलं, गाळलं आणि ते पाणी मंद आचेवर गरमच ठेवलं. गार स्टॉक ओतला की शिजणं अडतं. तांदूळ एक वाटी, न धुता! (‘अगं, गिरणीची धूळ!’ आजी ओरडली. कोरड्या फडक्याने पुसून तिला दाखवला.) बाहेरच्या कढईत बेकन मंद आचेवर, चरबी सुटेपर्यंत. कुरकुरीत झाल्यावर बाजूला काढलं आणि त्याच चरबीत बारीक कांदा, मग तांदूळ. आत तेच बटरमध्ये. तांदूळ दोन-तीन मिनिटं परतायचा, दाण्याच्या कडा काचेसारख्या दिसेपर्यंत. मग बाहेर वाइन, आणि ती पूर्ण आटल्यावरच स्टॉक. आजीच्या पातेल्यात वाइन नाही, शेवटी लिंबू. तिला न सांगता घालणं मला पटलं नसतं.

त्यानंतर डावभर स्टॉक, तो मुरला की पुढचा डाव. आर्बोरियोला अठरा मिनिटं लागतात. नव्या इंद्रायणीला बाराव्या मिनिटापासून चाखायला लागा, आणि ढवळायचं ते कालथ्याने कडेकडेने, लाडात. वाटीला साधारण चार वाट्या पाणी पुरलं, थोडं उरलंही. झुकिनी वेगळी परतून, मटार शेवटच्या पाच मिनिटांत. मग गॅस बंद, थंड बटरचा गोळा, किसलेलं चीज आणि जोरात एक मिनिट फेटणं. ताट हलवल्यावर भात लाटेसारखा सरकला पाहिजे. ढीग करून बसला तर खिचडी झाली, अजून डावभर पाणी.

चीजचं एक लक्षात ठेवा. खऱ्या इटालियन पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, म्हणजे ते शाकाहारी नाही. पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. आजीसाठी मी दोन दुकानं त्यासाठीच पालथी घातली होती.

बाहेरचा रिसोटो कसा झाला? बेकनचा खारट धूर, मटारचा गोडवा, आणि मागून हळूच येणारा इंद्रायणीचा वास. हा वास त्या साडेआठशेवाल्या प्लेटमध्ये नव्हता. दाण्याचा कणखरपणा मात्र आर्बोरियोएवढा नाही, हे मान्य करते. भाऊ कढई खरवडत होता, त्यामुळे त्याचं मत वेगळं घेतलं नाही.

आजीने पहिला घास तोंडात घोळवला. सगळे तिच्याकडे बघत होतो, ते तिला आवडत नाही म्हणून आईने उगाच नळ सुरू केला.

‘हा तर गुरगुट्या,’ ती म्हणाली.

‘इटालियन आहे आजी.’

‘असेल. पण एवढ्यासाठी घोटीपर्यंत कशाला हिंडलीस? आणि मेतकूट कुठाय?’

मेतकुटाची बरणी आली. चीज, लिंबू, वर मेतकूट. मी डोळे मिटून घेतले. तिने वाटी संपवली, चमच्याने कडा निपटल्या आणि वाटी पुढे केली.

‘थोडा वाढ. आणि ते बाहेर काय जळतंय ते बघ.’

बेकनची कढई गॅसवरच राहिली होती.