रामाचा आणा

जगद्गुरू तुकोबारायांची पालखी पुण्यात निवडुंग्या विठोबाच्या देवळात विसावते, तेव्हा नाना पेठेतल्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. बीडकडच्या एका दिंडीतल्या मायमाउल्या वर्षानुवर्षे आमच्याकडे उतरतात. पिठलं-भाकरी होते, हरिपाठ होतो, आणि मग माझ्या वाट्याचे काम निघते. सोन्या मारुतीजवळच्या एका पेढीवर मी तेहतीस वर्षे काट्यापुढे बसलो, हे त्यांना ठाऊक आहे. कुणी गळ्यातली पोत काढून देते, कुणी कानातली फुले. "बघा बरं माउली, खरं हाय का?"

गेल्या वारीत सत्तरीच्या एका आजींनी बटव्यातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली. आत हळदीकुंकवाने माखलेले पिवळसर नाणे. एका बाजूला राम-सीता सिंहासनावर, भोवती भाऊ आणि पायाशी मारुतीराय. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा आणि साल १८१८. यजमानांनी कुठल्याशा जत्रेतून आणलेले. चाळीस वर्षे देवघरात होते.

एवढ्यावर थांबते तर मी नमस्कार करून परत दिले असते. पण आजी हळूच म्हणाल्या, "पोराला फोन आलाय. अकरा लाख देतो म्हणतात. आधी रिझर्व्ह बँकेची साडेसात हजार फी भरायची. माझ्या डोरल्यातले मणी मोडून उद्या भरणार हाय तो."

मी भिंग आणले. खरे तर भिंगाची गरज नव्हती. हा 'आणा' मी पेढीवर कितीदा तरी पाहिला होता. पण चाळीस वर्षे पुजलेल्या वस्तूबद्दल नुसते वरवर पाहून बोलणे बरे दिसत नाही. टाकसाळीतले नाणे ठसा मारून पाडलेले असते. घणाच्या घावाने धातू दबतो, अक्षरांच्या कडा ठसठशीत उठतात. साच्यात ओतलेल्या तुकड्याची अक्षरे मऊ, विरघळल्यासारखी दिसतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक भोके राहतात आणि कडेवर पुष्कळदा साच्याचा सांधा बोटाला लागतो. आजींच्या आण्यावर हे सगळे होते. शिवाय कंपनीने रामपंचायतनाचा आणा कधी पाडलाच नाही. १८३५ सालचे तिचे तांब्याचे पैसे पाहिले तर त्यावर कंपनीची राजचिन्हे दिसतात, देव नाहीत. एक आण्याचे निकेलमिश्रित नाणे चलनात आले तेही १९०७च्या सुमारास, म्हणजे कंपनी संपून किती वर्षे झाल्यावर! १८१८ हे पेशवाई बुडाल्याचे साल. ऐकणाऱ्याला ते जुने आणि भारदस्त वाटते, म्हणून घातलेले असावे. अशाच तुकड्यांवर १६१६ आणि १७१७ ही सालेही मी वाचली आहेत.

हे सांगायचे कसे? संत नरहरी सोनारांना डोळ्यांवर पट्टी बांधून पांडुरंगाच्या कमरेचे माप घ्यावे लागले, त्यांच्या बोटांनाच खरे काय ते कळले. माझे डोळे उघडे होते आणि जीभ मात्र उचलत नव्हती. खोटे बोलावे तर मणी जातील. खरे बोलावे तर देवघर रिकामे होईल, असे मला वाटत होते.

शेवटी सांगितले. हे नाणे नाही, कधीच नव्हते. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या व्यवहारात रिझर्व्ह बँक नसते आणि त्यासाठी कुणाकडून फी मागत नाही, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१मध्ये जाहीरपणे दिला होता, तेही सांगितले. आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी इतकी वर्सं मी पुजलं काय?"

मला उत्तर सुचेना. शेजारी पडलेल्या त्यांच्या जाऊबाई उठून बसल्या. "तू काय आणा पुजत होतीस व्हय गं?"

मग मी तुकडा पुन्हा हातात घेतला. रामाच्या बाजूने तो काही खोटे सांगत नव्हता. आपल्या देव्हाऱ्यात खंडोबाचे, भवानीचे टाक असतात. सोनाराने ठोकून केलेले, नाण्यासारखेच पातळ. त्यांना कुणी नाणे म्हणत नाही. रामटंकाही पूर्वीपासून पूजेसाठीच होतात. लबाडी होती ती फक्त उलट्या बाजूच्या इंग्रजी ओळीत.

पेढीवर याच्या उलटही पाहायला मिळायचे. पुतळ्यांची माळ आपल्याकडे मोठ्या मानाची. तिची मूळ पुतळी म्हणजे दूरच्या व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे. एका अंगाला तिथला राजप्रमुख त्यांच्या संतापुढे गुडघे टेकून बसलेला, दुसऱ्या अंगाला येशू ख्रिस्त. आपल्या बायकांना त्यात पुतळ्या दिसल्या. पुढे आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या, पण ती लिपी त्यांना कुठली येणार! म्हणून त्यांच्या पुतळ्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा असतात. नाणे नक्कल, पण कसाला लावले तर सोने पुष्कळदा उत्तम. नाणे खरे का आणि सोने खरे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गिऱ्हाईक ते एकच समजते आणि तिथेच फसते.

पुरचुंडी बांधताना आजींच्या बटव्यातून काळ्या दोऱ्यातला एक काळपट पैसा घरंगळला. नातवाच्या करगोट्यात होता, दोरा तुटला म्हणून टाकून ठेवलेला. मी दिव्याखाली धरला. वेडीवाकडी जाड चकती. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे ओळी कडेला तुटलेल्या. तरी वाचता आले: 'श्री राजा शिव', मागे 'छत्रपति'. शिवराई! लगेच सांगितले की ही महाराजांच्याच काळची असे समजू नका. याच अक्षरांची शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात होती आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. शिवाय हिला भोक पाडलेले. काही शे रुपयांपलीकडे कुणी देणार नाही. पण खरी आहे.

आजींनी ती कपाळाला लावली. मुलाला रात्रीच फोन झाला, पैसे भरू नको म्हणून. तो रागावला होता, एवढे मला ऐकू आले.

पहाटे दिंडी हडपसरच्या वाटेला लागायची होती. तुळशी डोक्यावर घेता घेता आजी दारात थांबल्या. "ह्या शिवराईला घरी जाऊन चिंच लावून घासते, लख्ख व्हईल."

"नका हो माउली. काळेपणा हेच तिचे वय. घासली की अक्षरे जातील."

"आन् रामाला?"

"त्याला लावा की."

"लावतेच मी. दर रामनवमीला," म्हणत त्या पुढे गेल्या.