चूल एकच राहिली

2010 साली जनगणनेआधीच्या घरयादीचं काम आम्हा शिक्षकांकडे होतं. तेव्हा कुटुंबाची व्याख्या आम्हाला पाठ झाली होती. साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. नातं, आडनाव, घर कोणाच्या नावावर आहे, याला त्यात जागा नाही. दोन भाऊ एका छपराखाली राहत असले आणि चुली दोन असल्या, तर कुटुंबं दोन. सरकारने ही व्याख्या केली त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे 'त्यांनी चूल वेगळी मांडली' एवढं म्हटलं की लोक काय ते समजतात.

फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न होता. घरात वेगळं स्वयंपाकघर आहे का, की स्वयंपाक बाहेर होतो? मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवर पडवीच्या कोपऱ्यात चूल असलेली घरं मी तेव्हा पाहिली. म्हणजे कुटुंब असायला स्वयंपाकघराची खोली लागत नाही. पण हे कळणं आणि त्यातून जाणं यात फरक आहे.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमच्या स्वयंपाकघराची मागची मातीची भिंत रात्री बसली. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. अल्हमदुलिल्लाह, कोणाला लागलं नाही. पण गवंडी म्हणाला, पाऊस उघडल्याशिवाय हात लावता येणार नाही. आमच्याकडे पाऊस उघडतो म्हणजे दसरा जवळ येतो. घरात माणसं नऊ. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही चौघं, आणि दीर-जाऊ व त्यांची दोन मुलं.

पहिल्याच संध्याकाळी दीर म्हणाले, "भाभी, तोपर्यंत आपापल्या खोलीत इंडक्शन लावून भागवू या. तुम्हालाही शाळेची घाई असते." बोलणं व्यवहाराचं होतं, त्यात राग नव्हता की हिशेब नव्हता. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. अम्मी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग मी कुणात जेवायचं?"

याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. तीन महिने वेगळं शिजवलेलं घर चौथ्या महिन्यात परत एक होतंच असं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रात्री ठरलं की शिजेल ते एकत्रच शिजेल, पडवीत.

पडवीत एक बर्नरची शेगडी, बाजूला तीन दगडांची चूल, आणि लाइट असेल तेव्हा चहा-दुधाला इंडक्शन. पावसात कोरडं लाकूड मोजकंच. अडचण भांड्यांची नव्हती, आगीची होती. डाळ-भात शिजेपर्यंत शेगडी अडकून पडायची आणि भाकऱ्या मागे राहायच्या. मार्ग अम्मींनी काढला. त्यांच्या माहेरी उतरवलेलं पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचे. मुळशी आंबेमोहराचा तालुका, इथे भाताच्या पेंढ्याला तोटा नाही. आम्ही लाकडी खोक्यात पेंढा दाबून भरला आणि मध्ये पातेल्याएवढी जागा ठेवली. भिजवलेली डाळ आणि तांदूळ एकत्र करून खिचडी पंधरा मिनिटं खळखळून उकळायची, झाकण न उघडता पातेलं खोक्यात ठेवायचं, वरून पेंढा आणि गोधडी. दीड तासात खिचडी मऊ. तोवर आग भाकरीला मोकळी.

मुलांना मी त्यातलं विज्ञान सांगितलं. पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवा, ते आणखी तापत नाही, वाफ तेवढी जास्त जाते. अन्न शिजायला भडका लागत नाही, ऊब टिकावी लागते. पेंढ्याच्या काड्यांत अडकलेली हवा ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. मात्र पातेलं भरलेलं हवं, थोडं अन्न लवकर निवतं. आणि मटण खोक्यावर सोडायचं नाही, ते कुकरमध्येच पुरतं शिजवायचं.

ओव्हनचं म्हणाल तर तो आपल्या घरांत होता कधी? बिर्याणीला दम देताना पातेल्याच्या कडेला कणीक लावून वर निखारे ठेवतात. खाली आग, वर आग, झाला ओव्हन. ईदच्या आधी नानखटाईचे ट्रे घेऊन बायका-मुलं बेकरीत जायची. भट्टी बेकरीवाल्याची, मैदा आणि तूप आपलं. आम्ही पडवीत कुकरच्या तळाला मीठ पसरलं, वर जाळी ठेवली आणि शिटी-रिंग काढून मंद आचेवर अर्ध्या तासात नानखटाई केली. थोडी फुटली, पण मुलांनी डब्यात जाऊ दिली नाही.

हे लिहिताना एक भान ठेवावं लागतं. आमची चूल हंगामापुरती विस्कटली होती. याच मुळशीत 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. पाण्याखाली गेलेल्या घरांतल्या चुली पुन्हा त्या जागी पेटल्या नाहीत. आणि पैगंबर साहेबांच्या घरी महिना-महिना चूल पेटत नसे, खजूर आणि पाण्यावर दिवस निघत, असं हजरत आयेशा यांनी सांगितलं आहे. त्यापुढे एका बर्नरची तक्रार कशी करायची?

पण एक गोष्ट मला सांगायचीच आहे. मागच्या खोलीत जाऊ आणि मी काय करतो हे घरात कोणी पाहिलं नव्हतं. पडवी घराच्या तोंडाशी. नऊ माणसांचे तांदूळ धुणं, पावसातून पाणी आणणं, धुरात फुंकर घालणं, सगळं येता-जाता डोळ्यांपुढे. तिसऱ्या दिवशी दीर काही न बोलता पातेली उचलायला लागले. माझ्या नवऱ्याने कांदा चिरायला घेतला तो शेवटपर्यंत. दस्तरखान अंथरणं मुलांकडे गेलं. कोणी कोणाला उपदेश केला नाही, काम दिसलं एवढंच.

दिवाळीच्या सुमारास नवं स्वयंपाकघर उभं राहिलं, सिमेंटच्या भिंती, मोठा ओटा. गवंड्याला आम्ही दोघी जावांनी एकच बदल सांगितला होता, पडवीच्या बाजूला मोठी खिडकी हवी. तो म्हणाला, धूर बाहेर जायला मागची बरी. जाऊ म्हणाली, "मागची असू दे. ही आत बघायला."