रविवारी भरणारं कॉलेज

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका विद्यालयात मी मराठी आणि इतिहास शिकवत असे. सोमवार ते शनिवार मुलांची शाळा भरायची, आणि रविवारी त्याच बाकांवर त्यांच्या आया, काका, मावश्या, लग्न होऊन गेलेल्या थोरल्या बहिणी येऊन बसायच्या. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आमच्या शाळेत होतं आणि मी तिथं संमंत्रक होते. निवृत्त होईपर्यंत हे काम मी केलं. नोकरीतलं सगळ्यात मोलाचं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी रविवारचंच सांगते.

आमचा मुलूख कळसूबाईच्या पायथ्याचा, भंडारदऱ्याच्या आसपासचा. पाऊस धो धो, शेती भाताची. जुलैत आवणी, दिवाळीच्या सुमाराला कापणी, उन्हाळ्याच्या तोंडाला हिरडा वेचायचा, आणि घरचं काम आटोपलं की नारायणगाव-संगमनेरकडं मजुरीला जायचं. दहावीपर्यंत शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत. पुढं कॉलेज म्हटलं की एक तर बाहेरगावी राहायचा खर्च, नाहीतर रोजचा एसटीचा प्रवास. मुलगा कसाबसा जातो. मुलीची बारावी झाली की स्थळं यायला लागतात. त्यामुळं 'माझं शिकायचं राहिलं' असं म्हणणारं माणूस आमच्याकडं घरटी एक तरी सापडतं.

पत्राद्वारे शिक्षण आपल्या देशात जुनंच आहे. दिल्ली विद्यापीठानं १९६२ साली ते सुरू केलं. पण घरी बसून शिकायचं तरी आधीच्या शिक्षणाचा कागद हातात असावा लागायचा. मुक्त विद्यापीठांनी ही अट सैल केली. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं आणि १९८९ च्या जुलैत नाशिकला आपलं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. पुणे विद्यापीठाचं कुलगुरूपद सांभाळलेला माणूस शेतकरी, गृहिणी आणि कामगारांसाठी नवं विद्यापीठ उभारायला बसला, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. आमच्या लोकांच्या दृष्टीनं त्यातली सगळ्यात मोठी सोय म्हणजे पूर्वतयारी. वय अठरा पूर्ण आणि मराठी लिहिता-वाचता येतं, एवढ्यावर त्या काळी नाव घालता यायचं, आणि ती परीक्षा पास झालं की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसता यायचं.

फॉर्म भरण्याचे दिवस म्हणजे कागदांचे दिवस. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला, आधार, फोटो. लग्न झालेल्या बायकांचं गाडं नावापाशी अडायचं. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नाव बदलायचं तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र नाहीतर गॅझेट, म्हणजे हेलपाटे आले, खर्च आला. मी सरळ सांगायचे, "दाखल्यावर आहे तेच नाव ठेव. पदवीवर तुझ्या वडलांचं नाव आलं तर काही बिघडत नाही." एकदा एकीबरोबर तिची सासू आली होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बाई, नाव कुणाचंबी लावा. मी शेरडं वळते, पोरं सांभाळते. हिला तेवढं शिकू द्या." त्या घरातली सून पदवीधर झाली, त्याचं अर्धं श्रेय मी त्या सासूला देते.

नाशिकहून आलेली पुस्तकं मी पहिल्यांदा चाळली तेव्हाच मला आवडली. कॉलेजच्या पुस्तकामागं वर्गात शिकवणारा प्राध्यापक धरलेला असतो. ही पुस्तकं वाचणारा एकटा बसला आहे, त्याला विचारायला कुणी नाही, हे ध्यानात ठेवून लिहिलेली. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टं, मग प्रास्ताविक, मग विषय-विवेचन. मध्ये मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं, सारांश आणि अवघड शब्दांचे अर्थ. मी सगळ्यांना एक सवय लावली. उत्तरांची पानं रबरबँड लावून बंद ठेवायची, आधी स्वतः पेन्सिलीनं लिहायचं, मग रबरबँड काढून ताडून पाहायचं. सुरुवातीला बरेच जण आधी उत्तर वाचायचे आणि 'येतंय की मला' म्हणायचे. दोन-तीन घटक स्वतः सोडवले की त्यांना कळायचं, वाचलेलं वेगळं आणि आलेलं वेगळं.

मुक्त शिक्षणात अभ्यासाचं माप श्रेयांकात असतं. एका श्रेयांकामागं साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे आठ श्रेयांकांच्या एका विषयाला २४० तास. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या बाईनं हे तास आणायचे कुठून? आमच्याकडं येणाऱ्या एका अंगणवाडी सेविकेनं तिचा हिशेब मला वहीत मांडून दाखवला. पहाटे साडेचार ते पावणेसहा, घर जागं व्हायच्या आत, एका अंगाला चूल आणि एका अंगाला पुस्तक. अंगणवाडी सुटल्यावर नोंदवह्या, मग शेत. रात्री डोळे मिटतात, म्हणून रात्र तिनं हिशेबात धरलीच नव्हती. आवणीचे आणि कापणीचे दिवस आधीच वजा केले होते. दिवाळीच्या पुढं लाल रेघ मारून लिहिलं होतं, 'इथून पुढं दोन विषय.' तिला पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करायचा होता आणि त्याला पदवी लागत होती. तिला विचारून मी त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला पहिल्या रविवारी दाखवत आले. 'तुम्हीही तुमचा हिशेब मांडा' एवढंच सांगायचे. वेळ मिळत नाही ही तक्रार त्या पानापुढं टिकायची नाही.

पूर्वतयारीला एक गडी यायचा. सातवीत शाळा सुटलेली, वय पस्तिशीच्या पुढं. वाचन उत्तम. गावात कुणालाही आलेली नोटीस वाचून दाखवायचा. लिहायला बसला की मात्र पेन इतकं दाबून धरायचा की खालच्या दोन पानांवर अक्षरं उमटायची, आणि अर्ध्या पानातच मनगट दुखायला लागायचं. जन्मभर कुदळ-फावडं धरलेल्या हाताला पेन हलकं धरणं जमत नव्हतं. मी त्याला शाईचं पेन आणून दिलं, कारण ते दाबलं की शाई पसरते आणि हात आपोआप सैल पडतो. रोज पेपरातली एक बातमी उतरवायची, आधी बघून, नंतर न बघता आपल्या शब्दांत. महिन्याभरात पान भरायला लागलं, परीक्षेपर्यंत तीन तास लिहायची तयारी झाली. बुद्धीत काही कमी नव्हतंच, त्याची सगळी अडचण मनगटात होती, आणि ती समोर बसल्याशिवाय कुणाला दिसली नसती. पुढं तो बी.ए. झाला. आता गावात लोकांचे अर्ज तो वाचून दाखवतो आणि लिहूनही देतो.

रविवारच्या वर्गात शिकवणं एका बाजूचं नसायचं. एकदा एकोणिसाव्या शतकातले उठाव शिकवत होते. राघोजी भांगरे आमच्याच तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. १८४८ साली इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. हे सांगून मी पुढं जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक वयस्कर विद्यार्थी उठले. त्यांच्या आजीनं सांगितलेलं सगळं ते सांगू लागले. सावकारांनी जमिनी कशा लिहून घेतल्या, बंडातली माणसं कोणत्या वाटेनं उतरायची, भाकरी कोण पोचवायचं. वर्ग तासभर हलला नाही. मग आम्ही फळ्यावर दोन रकाने केले. सरकारी कागदांतून काय कळतं ते एका बाजूला, लोकांच्या तोंडून काय कळतं ते दुसऱ्या बाजूला. कुठं जुळतं, कुठं जुळत नाही, ते सगळ्यांनी मिळून पाहिलं. इतिहासाची साधनं म्हणजे काय, हे मी आठवीच्या मुलांना इतकी वर्षं शिकवत होते; त्या रविवारी ते मोठ्या माणसांनी स्वतः करून पाहिलं.

पदवी हेच काही सगळ्यांचं उद्दिष्ट नसतं. विद्यापीठाच्या कृषी पदविकांचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. आमचा एक माजी विद्यार्थी भाजीपाला उत्पादनाची पदविका करत होता. टोमॅटोचं बी तो पूर्वी सपाट वाफ्यात फेकायचा आणि पावसात निम्मी रोपं बुडखाशी कुजून कोलमडायची. अभ्यास सुरू झाल्यावर त्यानं गादीवाफे केले, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला, ओळीत पेरलं. पाणी साचेना, रोपं टिकली. शेजारच्या शेतकऱ्यांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा तो पुस्तक घेऊनच बांधावर जायचा, आणि प्रास्ताविकापासून वाचून दाखवायचा. एका प्रवेशात किती जण शिकले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला झालेली नाही.

वेळापत्रक मात्र आम्हाला आमच्या शेतीप्रमाणं बसवावं लागलं. आवणीच्या पंधरवड्यात वर्ग ठेवला तर कुणी येत नाही आणि येऊही नये, घरचं वर्षाचं धान्य त्यावर असतं. ओढ्याला पूर आला, रस्त्यावर दरड आली की चालत येणारे अडकायचे. म्हणून पावसाळ्यातली संपर्कसत्रं आम्ही पुढं सरकवायचो आणि दिवाळीनंतर रविवारला जोडून सुट्टीचे दिवसही घ्यायचो. स्वाध्यायाच्या तारखा मी गावोगावच्या शाळकरी मुलांच्या हाती चिठ्ठीनं कळवायचे. मुलगा सोमवारी वर्गात आला की त्याच्या दप्तरात आईचा स्वाध्याय असायचा. हे हायस्कुलातल्या केंद्रालाच जमतं, कारण घराघरातलं कुणी ना कुणी रोज तिथं येत असतं.

'बाहेरून केलेली डिग्री' असं म्हणून लोक नाक मुरडतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेनं चालणाऱ्या दूरशिक्षणातली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. वर्षभर पुस्तक न उघडता फक्त परीक्षेला उगवणारी माणसं असतात, हे खरं आहे. पण ती जिथं केंद्र म्हणजे फॉर्म भरायची खिडकी होऊन बसतं तिथं जास्त असतात. जिथं दर रविवारी वर्ग भरतो, हजेरी घेतली जाते, स्वाध्याय तपासून त्यावर दोन ओळी लिहून परत दिला जातो, तिथं माणूस अभ्यास करतो. मोठ्या माणसाला आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचलं याचा केवढा आनंद होतो, हे तपासलेली वही हातात देताना दिसतं.

२०२० साली सगळं बंद पडलं आणि शिकवणं मोबाइलवर गेलं. तालुक्याच्या गावात ते बरं चाललं. डोंगरात रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसावं लागायचं, आणि घरातला एकच मोबाइल नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असायचा. व्हिडिओ, ऑनलाइन पुस्तकं यांचा फायदा आहे. राहून गेलेला तास पुन्हा ऐकता येतो, आणि शहरातला चांगला शिक्षक पाड्यावर पोचतो. पण पेन दाबून धरणारा हात व्हिडिओला दिसत नाही, आणि नावाच्या घोळात अडकलेल्या सुनेला 'दाखल्यावरचंच ठेव' असं ॲप सांगत नाही. शिक्षण कितीही दुरून आलं तरी ते पोचवायला जवळ माणूस लागतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरलेली नाही.

म्हणून शिक्षण संस्थांना आणि मुख्याध्यापकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. रविवारी तुमचे वर्ग, फळे, बाक रिकामे असतात. अभ्यासकेंद्र मागून घ्या. ते मिळेपर्यंत दोन वर्ग आणि ग्रंथालय तरी घराबाहेर अभ्यासाला जागा शोधणाऱ्यांसाठी उघडे ठेवा. पाळणाघरासारखं एका कोपऱ्यात पोरांना बसवायची सोय केलीत तर बायका नक्की येतील. आणि ज्यांच्या घरात कुणाचं शिकायचं राहिलं असेल त्यांनी जवळचं केंद्र शोधावं, फॉर्म भरायला सोबत जावं, कागद जुळवून द्यावेत, आणि पहिला स्वाध्याय हातून जाईपर्यंत पाठपुरावा करावा. पहिला स्वाध्याय तपासून परत आला की माणूस सहसा अभ्यास सोडत नाही. आमच्या रविवारच्या वर्गात हे मी तुकडीमागून तुकडी पाहिलं आहे.