‘का’

मराठीतील ‘का’ आणि जपानी वाक्याच्या अखेरीस येणारा प्रश्नार्थक ‘का’ यांच्यातील साम्य विद्यार्थ्यांना भुरळ घालते. तो निव्वळ योगायोग होय. उलट, कानाला परका वाटणारा लॅटिन ‘क्विस’ आपल्या ‘का’चा सगोत्र, आणि शेजारच्या हिंदीतला षष्ठीचा ‘का’ मात्र बहुधा ‘कृत’पासून आलेला. सोस्यूर शिकवायला एवढे पुरते.

मला अस्वस्थ करते ते निराळेच. ऋग्वेदातील हिरण्यगर्भसूक्तात (१०.१२१) कोणत्या देवाला हवि अर्पावा, असा प्रश्न ऋचेमागून ऋचेत येतो. ब्राह्मणग्रंथांनी त्यातील ‘क’ हे सर्वनामच प्रजापतीचे नाव ठरवले. प्रश्नाचे विधान झाले. सायणाचार्यांच्या भाष्यातही हा अर्थ आहे. (ही श्रद्धेची गरज असेल, वाचनाची नव्हे.) मर्ढेकरांवरील उत्तरपत्रिका तपासताना कवितेतली प्रश्नचिन्हे मला अशीच गळून पडलेली दिसतात. त्यांच्या जागी ‘आशय’ लिहिलेला असतो.