मेंदूच्या लहरी आणि मागे पडणारे मूल

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलास आपल्याकडे दोनच नावे ठेवितात: आळशी किंवा मठ्ठ. आमच्या घरी ही दोन्ही नावे पोहोचली होती. थोरला नऊ वर्षांचा झाला तरी 'घ' आणि 'ध' यांत गोंधळे. एक ओळ वाचावयास त्याला घाम फुटे. धाकटी वाचता वाचता मध्येच थबके, आठ-दहा सेकंद शून्यात पाही आणि काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे वाचू लागे. "अहो, दोघांच्याही डोक्याचा आलेख काढून घ्या, म्हणजे सारे कळेल," असे शेजाऱ्यांनी सुचविले. हा आलेख काय सांगतो व काय सांगत नाही, हे तेव्हा आम्हांस समजून घ्यावे लागले.

जर्मनीतील येना येथील डॉक्टर हान्स बेर्गर यांनी १९२४ साली मनुष्याच्या मेंदूतील विजेच्या सूक्ष्म लहरी प्रथम टिपल्या व १९२९ साली ते संशोधन प्रसिद्ध केले. या तपासणीस ई.ई.जी. म्हणतात. डोक्याच्या कातडीवर धातूच्या लहान चकत्या चिकटवितात. यंत्र डोक्यात वीज सोडीत नाही, तेथील वीज केवळ टिपते. म्हणून भिण्याचे कारण नाही. प्रौढ माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला, की सेकंदास ८ ते १३ लहरी दिसतात. लहान मुलांत त्या संथ असतात व वयाबरोबर त्यांचा वेग वाढतो.

धाकटीस भराभर दीर्घ श्वास घ्यावयास लावले, तोच सेकंदास तीन या ठेक्याने टोकदार लहरी उमटल्या. हा अपस्माराचाच एक प्रकार होय. त्यात मूल खाली पडत नाही, केवळ क्षणभर हरवते. या लहरींची खूण बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९३५ साली नोंदविली होती. औषध सुरू झाले आणि काही आठवड्यांत तिचे थबकणे थांबले.

थोरल्याचा आलेख मात्र डॉक्टरांनी काढलाच नाही. वाचनदोष, म्हणजे डिस्लेक्सिया, आलेखावरून ठरत नाही. पुष्कळ मुलांच्या लहरी एकत्र तोलल्या, तर संशोधकांस काही फरक आढळतात. परंतु एकट्या मुलाचे निदान त्यावरून होत नाही. त्याचे डोळे व कान तपासले, त्याच्याकडून वाचून व लिहून घेतले, तेव्हा दोष कळला. आता रोज अर्धा तास अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालून आम्ही त्याला शिकवितो. तो अजून सावकाशच वाचतो, पण पुस्तक पाहून रडत नाही.

आईबापांस आमची विनंती एवढीच, की मूल वरचेवर क्षणभर हरवत असेल, तर ते किती वेळ व केव्हा घडते हे टिपून ठेवा आणि डॉक्टरांस दाखवा. केवळ वाचनच अडत असेल, तर महागड्या आलेखामागे न धावता वाचनाची तपासणी करवून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा अध्ययन-अडचणींस मान्यता दिली आहे. शाळेकडे साहाय्य मागण्यात संकोच नसावा.